उतारवयात दोघांनी परदेशात निवांत फिरायचं म्हणजे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी-सत्तरी ओलांडलेल्या जोडप्यांना परदेशात फिरण्याची हौस असते आणि धास्तीही. ही उत्तरं लिहिताना एकच गोष्ट धरून ठेवली आहे: बेत आखायचा तो दोघांपैकी जो लवकर दमतो, त्याच्या सर्वांत वाईट दिवसाचा विचार करून. त्या दिवशी जे निभेल ते रोजच निभेल, आणि बाकीचे दिवस आपोआप सुखाचे जातील.

निवांत सहल म्हणजे ठिकाणं कमी करायची, एवढंच का?

ठिकाणांपेक्षा मुक्काम कमी करायचे. दमवतं ते पाहणं नव्हे, हलणं. दोन शहरांमधला रेल्वेप्रवास दोन तासांचा असला, तरी त्या दिवशी बॅगा भरणं, सकाळी खोली सोडणं, स्टेशनवर लवकर पोचणं, नव्या गावात खोली मिळेपर्यंत दुपारचे तीन वाजण्याची वाट पाहणं, आणि रात्री अंधारात नव्या बाथरूमची वाट चाचपडणं, एवढं सगळं येतं. म्हणजे अख्खा दिवस गेलाच. उतारवयात पडण्याचे प्रसंग अशाच अनोळखी खोलीत, झोपेतून उठताना येऊ शकतात.

दोन आठवड्यांची सहल असेल तर दोन मुक्काम पुरेत, फार तर तीन. एका जागी निदान चार-पाच रात्री राहा आणि तिथूनच सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी ठिकाणं निवडा. मग एखाद्या सकाळी अंग मोडून आलं, तर त्या दिवसाचा बेत पुढे ढकलता येतो. पाच शहरांच्या सहलीत ही मुभाच नसते.

एकाला भरपूर चालवतं, दुसऱ्याला नाही. मग कुणाच्या चालीनं जायचं?

जो हळू चालतो त्याच्या. मात्र ज्याला चालायला आवडतं त्याला रोजचा थोडा वेळ मोकळा द्या. पहाटे तासभर एकट्यानं फेरफटका मारून यावं, तोवर दुसऱ्यानं निवांत आवरावं. एखाद्या दुपारी एकानं किल्ल्यावर चढावं आणि दुसऱ्यानं खाली चौकातल्या बाकावर बसून माणसं पाहावीत. परदेशात आलोय म्हणजे चोवीस तास एकत्रच असलं पाहिजे, असं काही नाही. फक्त भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा आणि दोघांचेही फोन चालू ठेवा.

याहून नाजूक बाब अशी की ज्याचे गुडघे दुखतात तो बहुधा बोलत नाही. जोडीदाराचा विरस नको म्हणून दुखणं गिळतो आणि तिसऱ्या दिवशी पायच उचलत नाहीत. ‘दमलास का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं. म्हणून थांबे कुणाच्या दुखण्यावर सोडू नका, बेतातच घाला. दर पाऊण तासानं बसायचं, हे दोघांसाठी ठरलेलं असावं, म्हणजे कुणाला कमीपणा वाटत नाही.

निघण्याआधी महिना-दोन महिने, जे बूट नेणार आहात तेच घालून रोज चाला. किती अंतर कुरकुर न करता होतं ते पाहा आणि सहलीतल्या दिवसाचा हिशोब त्याहून थोडा कमीच धरा. संग्रहालयात ताटकळत उभं राहणं हे सरळ चालण्यापेक्षा कंबरेला जास्त जड जातं, तेही लक्षात असू द्या.

मुक्कामासाठी कोणतं शहर चांगलं?

सपाट, सावलीचं, बसायला जागा असलेलं आणि जिथली ट्राम-बस रस्त्याच्या पातळीवरून चढता येते असं.

इटलीतलं बोलोन्या हे माझ्या मते अशा जोडप्यांसाठी फार सोयीचं शहर आहे आणि फ्लॉरेन्स-व्हेनिसच्या गर्दीत ते उगाच मागे पडतं. जुन्या शहरात जवळजवळ ४० किलोमीटर लांबीच्या कमानींच्या ओसऱ्या आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ऊन असो की पाऊस, डोक्यावर छप्पर राहतं. शिवाय वेगवान रेल्वेनं फ्लॉरेन्स सुमारे ४० मिनिटांवर आणि फेर्रारा साधारण अर्ध्या तासावर, म्हणजे फ्लॉरेन्स पाहून रात्री आपल्याच बिछान्यात.

व्हिएन्नात भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत आणि बऱ्याच ट्राम खालच्या फरशीच्या आहेत. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना लहानशी आहे. तिथला जुना भाग गाड्यांना बंद आहे, आणि पाय दुखले तर ‘कावालिर’ नावाच्या छोट्या विजेच्या गाड्या हात दाखवला की थांबतात, तेही फुकट. जपानात क्योतोचा मधला भाग सपाट आहे आणि नारा तिथून रेल्वेनं तासाभराच्या आत गाठता येतं. पूर्वेच्या टेकड्यांवरच्या देवळांना मात्र चढ आहे, तिथे वरपर्यंत टॅक्सी करावी.

लिस्बन सुंदर आहे, पण टेकड्यांवर वसलेलं. गुळगुळीत दगडी फरसबंदी पावसात फार निसरडी होते. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. तरीही व्हेनिस सोडू नका. जलबसच्या थांब्याला लागून खोली घ्या आणि मोठ्या कालव्यातून जाणारी १ नंबरची बोट पकडून शहर बसल्याबसल्या पाहा.

उंचावरची ठिकाणं टाळावीत का?

टाळायलाच हवीत असं नाही, पण घाई नको. बोलिव्हियातलं ला पाझ सुमारे ३,६०० मीटरवर आहे, पेरूतलं कुस्को ३,४०० मीटरवर. विमानानं थेट तिथे उतरलं की डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हा त्रास कुठल्याही वयात होऊ शकतो. वय वाढलं म्हणून तो अधिक होतो असं नाही. पण हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका. ३,००० मीटरच्या वर रोजच्या झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा सर्वसाधारण नियम आहे.

पेरूत एक सोपी युक्ती आहे. कुस्कोला उतरून तिथे मुक्काम न करता त्याच दिवशी खाली उरुबांबाच्या खोऱ्यात जायचं. ते २,८०० मीटरच्या आसपास आहे. माचू पिच्चू तर २,४३० मीटरवरच आहे. कुस्को शेवटी पाहायचं, तोवर शरीर सरावलेलं असतं. माचू पिच्चूच्या आत मात्र ओबडधोबड दगडी पायऱ्या आहेत आणि स्वच्छतागृह फक्त दाराबाहेर. गुडघ्यांची तक्रार असेल तर हे आधी तोलून पाहा.

स्वित्झर्लंडचं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. तिथे रेल्वे नेते, त्यामुळे उंचीचं भान राहत नाही. वर पोचल्यावर अगदी सावकाश चाला आणि गरगरलं तर पुढच्या गाडीनं खाली या.

कोणत्या महिन्यात जावं?

युरोपसाठी मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण युरोपात ऊन इतकं तापतं की अलीकडच्या उन्हाळ्यांत अथेन्सचं अक्रोपोलिस भर दुपारी काही तास बंद ठेवावं लागलं होतं. वय वाढलं की तहान उशिरा लागते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर उन्हाळ्यात किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा. जपानला जाणार असाल तर एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा टाळा. सलग सुट्ट्यांमुळे सगळा देश प्रवासाला निघालेला असतो.

खोली घेताना काय काय विचारायचं?

फोटो पाहून भुलू नका. पत्र पाठवून हे विचारा: लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की आधी पाच-सहा पायऱ्या चढाव्या लागतात? युरोपात बहुतेक ठिकाणी ‘पहिला मजला’ म्हणजे तळमजल्याच्या वरचा, हे ध्यानात ठेवून मजला विचारा. अंघोळीला उंच काठाचा टब आहे की सपाट फरशीवरचा शॉवर? माझ्या लेखी हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ओल्या टबाचा काठ ओलांडताना तोल गेला, तर अख्खी सहल दवाखान्यात संपते. धरायला दांडा असेल तर उत्तम. अॅम्स्टरडॅमच्या कालव्याकाठच्या जुन्या घरांतले जिने फार उभे असतात, तिथे लिफ्टची खात्री झाल्याशिवाय पैसे भरू नका. जपानी पारंपरिक सरायांत जमिनीवर गादी घालतात. खाली बसून उठणं जड जात असेल तर पलंगाची खोली मागा, अनेक ठिकाणी मिळते.

हॉटेल की अपार्टमेंट? पाच रात्रींच्या पुढे अपार्टमेंट बरं. स्वयंपाकघर असतं, कपडे धुण्याचं यंत्र असतं, आणि एक झोपला तर दुसरा बाहेरच्या खोलीत दिवा लावून वाचू शकतो. पण देशात उतरल्यावरच्या पहिल्या दोन रात्री हॉटेलच घ्या. काही अडलं तर विचारायला रात्रीही कुणीतरी जागं असतं.

घरून एक छोटा रात्रदिवा न्या.

लांबचा विमानप्रवास झेपेल का?

बहुतेकांना झेपतो, पण तो एकदम करायलाच हवा असं नाही. जिथे विमान बदलायचं आहे तिथे एक-दोन रात्री राहिलात तर पाय कमी सुजतात आणि वेळेतला फरकही हप्त्याहप्त्यानं अंगवळणी पडतो.

चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. पूर्वी गुठळी झालेली असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर तो आणखी वाढतो. कडेची जागा घ्या, तासा-दीड तासानं उठा, बसल्या जागी घोटे फिरवा, टाचा उचला. दाब देणारे मोजे घालायचे की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण पायाचा रक्तपुरवठा मुळातच कमी असेल तर ते अपायकारक ठरतात. झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच कुशीवर पडून राहणं मात्र नको.

विमानातली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असल्यासारखी विरळ असते. निरोगी माणसाला ते कळतही नाही, पण दम्याचा, फुप्फुसांचा किंवा हृदयाचा जुना आजार असलेल्यांनी निघण्यापूर्वी तपासून घ्यावं. स्वतःचं ऑक्सिजन यंत्र न्यायचं असेल तर विमान कंपनीची परवानगी आधी लागते.

पूर्वेकडे जाताना झोपेचं गणित जास्त बिघडतं, पश्चिमेकडे कमी. पोचल्यावर पहिले दोन दिवस कोणतंही तिकीट काढून ठेवू नका. दिवसा उजेडात बसा, रात्री तिथल्या वेळेनं झोपा.

मी चालू शकतो. मग विमानतळावर व्हीलचेअर मागणं बरं दिसतं का?

जरूर मागा. ही सेवा लांबचं अंतर आणि तासभराची रांग ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठीच आहे, आणि मोठ्या विमानतळांवर दारापासून विमानापर्यंत एक-दीड किलोमीटर सहज होतं. ती ताकद तुम्हाला पुढच्या शहरात लागणार आहे. युरोपीय संघात तर २००६ च्या ११०७ क्रमांकाच्या नियमानुसार ही मदत मोफत द्यावीच लागते. फक्त निदान ४८ तास आधी कळवायचं असतं. कळवताना नेमकं सांगा: लांबचं चालवत नाही, की पायऱ्याही चढवत नाहीत, की आसनापर्यंतही आधार लागतो. या तिन्हींसाठी विमान कंपन्यांकडे वेगवेगळी नोंद असते. जोडीदाराला सोबत जाऊ देतात. विमान बदलायचं असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवा, कारण खुर्ची घेऊन येणाऱ्याची वाट पाहावी लागते.

औषधांचं काय करायचं?

सगळी औषधं हातातल्या सामानात. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात एकही नको. इन्सुलिन तर नाहीच, ते गोठलं की निकामी होतं. शक्य तर दोघांच्या हातातल्या पिशव्यांत अर्धी-अर्धी विभागा आणि सहलीपेक्षा दहा-बारा दिवसांची जास्त घ्या. गोळ्या मूळ वेष्टनात ठेवा. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, तीत औषधाचं मूळ रासायनिक नाव असू द्या, कारण कंपनीनं दिलेलं नाव दुसऱ्या देशात कुणी ओळखत नाही. अनेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वर द्रव नेता येत नाही, पण गरजेच्या औषधांना सवलत असते. तपासणीच्या वेळी ती वेगळी काढून दाखवा.

तुमचं साधं औषध तिथे बेकायदा असू शकतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. जपानात १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं नेता येत नाहीत, आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं एक महिन्यापेक्षा जास्त पुरतील एवढी न्यायची तर आधी परवानगीचा कागद काढावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारख्या वेदनाशामकांना आगाऊ मंजुरी लागते. ज्या देशात फक्त विमान बदलणार आहात त्याचेही नियम पाहा.

इन्सुलिन किंवा ठरावीक तासांनी घ्यायची औषधं असतील तर प्रवासाच्या दिवसाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड खिशात ठेवा आणि तपासणी करणाऱ्याला आधीच सांगा.

लसी घ्याव्या लागतात का?

देशावर अवलंबून आहे. निदान सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीबाबत विशेष काळजी घ्या: साठीनंतर पहिल्यांदा घेतली तर गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या ज्या देशांत ती लागते तिथे जायचं असेल, तर प्रवासवैद्यकाच्या जाणकार डॉक्टरांशी सविस्तर बोला. गरज पडल्यास ते सवलतीचं प्रमाणपत्र देतात. लस घेतली तर तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं.

विमा कसा निवडावा?

आधीपासून असलेले आजार एकही न लपवता सांगा. रक्तदाबाची एक गोळी सांगायची राहिली म्हणून मोठं बिल नाकारलं जाऊ शकतं. युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं, पण ती केवळ व्हिसाची अट आहे. एखादं मोठं ऑपरेशन आणि मायदेशी आणणारं वैद्यकीय विमान एवढ्यात भागत नाही. कागदपत्रांत चार गोष्टी शोधा: वयाची मर्यादा, जुन्या आजारांचा अचानक भडका उडाला तर काय, मायदेशी परत आणण्याचा खर्च, आणि एकाच्या आजारपणामुळे दोघांचीही सहल रद्द झाली तर दोघांचेही पैसे मिळतील का.

पासपोर्ट आणि मुक्कामाची मुदत?

अनेक देशांना पासपोर्ट आणखी सहा महिने वैध लागतो. शेंगेन देशांना परतीच्या तारखेनंतर तीन महिने, आणि पासपोर्ट काढून दहा वर्षं उलटलेली नसावीत. अल्प मुदतीच्या मुक्कामाला तिथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे.

नदीवरची क्रूझ आमच्यासाठी बरी का?

एकदाच बॅग उघडायची आणि गावं मात्र बदलत राहणार, ही तिची मोठी सोय. डॅन्यूब-ऱ्हाइनवरच्या बोटी बहुधा दोनशेच्या आत प्रवासी घेतात आणि गावाच्या मध्याजवळच लागतात. लाटांचा त्रास जवळपास नाही. अडचणी दोन. गर्दीच्या धक्क्यावर बोटी एकीला एक लागून उभ्या राहतात, तेव्हा दुसऱ्या बोटीतून जावं लागतं, त्यात कधीकधी जिनाही चढावा लागतो. दुसरी म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी फार उतरलं की काही टप्पा बसनं करावा लागतो. २०१८ आणि २०२२ मध्ये ऱ्हाइनवर पाणी फारच आटलं होतं. वसंत ऋतूत गेलात तर ही भीती कमी, मात्र पुरामुळेही क्वचित खोळंबा होतो. सगळ्या बोटींवर लिफ्ट नसते, तेही विचारा.

सामान किती?

जेवढं तुम्हाला स्वतःला रेल्वेच्या पायरीवर उचलून ठेवता येईल तेवढंच. जपानात ‘ताक्क्यूबिन’ सेवेनं बॅग एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पाठवता येते, साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. ती अवश्य वापरा.

दिवस कसा आखावा?

एका दिवशी एकच मोठं काम, तेही सकाळी. दुपारी खोलीवर येऊन पाठ टेका. संध्याकाळी जवळच्या बागेत किंवा नदीकाठी. जाताना ट्राम, येताना टॅक्सी, कारण परतीची वाट नेहमी लांब वाटते. टॅक्सीचे पैसे सुरुवातीलाच खर्चात धरा, म्हणजे ऐनवेळी हात आखडत नाही. संग्रहालयाची वेळ ठरवलेली तिकिटं आधी काढलीत तर रांग वाचते. सुट्टीचा वारही पाहा: पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी. मोठ्या संग्रहालयांत व्हीलचेअर बहुधा उसनी मिळते. सगळी दालनं पाहायची जिद्द सोडा. चार चित्रांसमोर बसून राहिलेला तास पुढे मनात जास्त काळ राहतो.

चार दिवसांतून एक दिवस पूर्ण कोरा ठेवा.

एकाची तब्येत बिघडली तर दुसऱ्यानं काय करायचं?

खरी तयारी इथेच लागते. बहुतेक जोडप्यांत फोन, पैसे, तिकिटं एकाच्याच हाती असतात आणि नेमका तोच आजारी पडला तर दुसरा हतबल होतो. म्हणून निघण्यापूर्वी दोघांनाही सगळं यायला हवं: हॉटेलचा पत्ता दाखवून टॅक्सी करणं, कार्डानं पैसे काढणं, विमा कंपनीच्या मदतक्रमांकावर बोलणं. वेगवेगळ्या खात्यांची कार्डं दोघांकडे असू द्या. दोघांच्याही पाकिटात एकेक कागद ठेवा. त्यावर आजार, औषधं, अॅलर्जी, रक्तगट, विम्याचा क्रमांक आणि घरच्या माणसाचा फोन असावा. कागद यासाठी की फोनची बॅटरी संपते.

युरोपीय संघात कुठेही ११२ फिरवा, तो फुकट आहे. किरकोळ तक्रारीसाठी आधी औषधाच्या दुकानातल्या माणसाला विचारा. युरोपात तो चांगला सल्ला देतो आणि गरज असेल तर डॉक्टरांकडे पाठवतो. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर पैसे भरण्याआधी विमा कंपनीला फोन करा. अनेकदा आधी कळवणं ही अटच असते. छातीत दुखत असेल किंवा तोंड वाकडं होऊन बोलणं अडखळत असेल, तर मात्र आधी रुग्णवाहिका, मग बाकी सगळं.

सगळं बुकिंग आधीच करून टाकावं का?

खोल्या आधी घ्या, पण आयत्या वेळी रद्द करता येतील अशाच, चार पैसे जास्त पडले तरी चालतील. विमा पहिलं तिकीट काढलं त्याच आठवड्यात घ्या, कारण निघण्यापूर्वीच आजारपण आलं तर तो तेव्हापासून उपयोगी पडतो. स्थानिक रेल्वेची तिकिटं मात्र जवळच्या अंतरांसाठी आधी काढू नका. सकाळी उठून एकमेकांकडे पाहा, आणि अंगात उत्साह असेल तर स्टेशनवर जाऊन काढा.